एका दाराचे चार द्वारपाल

श्रद्धा माणसाच्या मनात कोणत्या वयात उपजेल हे कोणी सांगू शकत नाही. कोणत्या महिन्यात उपजेल हे मात्र बऱ्यापैकी सांगता येतं. आमच्या अर्दुला गावच्या तुर्पिलियुसच्या मनात ती सप्टेंबरात उपजली. डुकरं नोव्हेंबरात निघणार होती.

या श्रद्धेतून त्याला मिळणार होतं ते असं: एकशे नव्वद डुकरं रोमला पोचवायची जबाबदारी टळणार होती. गावच्या हमामाला, म्हणजे सार्वजनिक न्हाणीघराला, हिवाळाभर लागणारं सरपण दुसऱ्याच्या रानातून येणार होतं. दक्षिण उताराचा द्राक्षमळा आणि पोल्लाच्या, म्हणजे बायकोच्या, कानातले मोती जागच्या जागी राहणार होते. शिवाय अनंतकाळचं जीवन. (ही बाब त्याने यादीत शेवटी धरली, कारण तिची मुदत लांबची होती.)

डुकरांचं थोडं सांगायला हवं. लुकानियाच्या डोंगरातल्या प्रत्येक गावाने दर हिवाळ्याला रोमच्या जनतेला डुकरं पुरवायची, असा नियम आहे. रोमच्या जनतेला डुकराचं मांस आवडतं, आणि तिला जे आवडतं ते तिला फुकट मिळावं, हा साम्राज्याचा पाया आहे. डुकरं पोचवण्याचा मान नगरसभेच्या वीस सभासदांपैकी एकाला पाळीपाळीने मिळतो. त्या वर्षापुरतं त्याला वराहप्रमुख म्हणतात. गावात डुकरांचं वजन होतं, मग ती अठरा दिवस चालतात, मग रोमच्या वेशीवर पुन्हा वजन होतं. डुक्कर चालतं आणि चालताना वाळतं. जेवढं वाळतं तेवढं वराहप्रमुखाने स्वतःच्या घरातून भरून द्यायचं. (वेशीच्या अलीकडे डुकरांना मीठ चारून पोटभर पाणी पाजायची युक्ती आमच्या आजोबांच्या काळी चालायची. आता रोमचे तोलणारे डुकरांना दोन दिवस उपाशी बांधून ठेवतात आणि मग तोलतात. राज्यकारभार असाच सुधारत जातो.)

ज्याची पंचवीस बिघ्यांच्या वर जमीन तो सभासद. त्याची इच्छा विचारायची पद्धत नाही. राजीनामा नाही. मेलं तर चालतं, पण मग मुलगा द्यावा लागतो. गेल्या वर्षी पाळी गावियुसची होती. रोमहून परत आला तेव्हा मळा गेलेला होता आणि तो इतका खंगला होता की, गाव म्हणायचं, डुकरांपेक्षा हाच जास्त वाळला.

तुर्पिलियुसला आजवर डुकरांची झळ लागली नव्हती, कारण तो ज्युपिटरच्या देवळाचा वंशपरंपरागत पुरोहित होता आणि आमच्याकडे पुरोहितांना पाळी माफ होती. पण सम्राटांनी ख्रिस्ती धर्म आपला म्हटला, आणि ही माफी देवळातून उचलून ख्रिस्ती धर्मसेवकांच्या घरात नेऊन ठेवली. देव बदलायला माणसाला वेळ लागतो. माफीने जागा बदलली तर तिच्या मागोमाग जायला फारसा लागत नाही. यंदा पाळीची यादी नव्याने लिहिली गेली, आणि तिच्यात पहिलं नाव तुर्पिलियुसचं होतं.

त्याने घरी जाहीर केलं तेव्हा पोल्ला मसूर निवडत होती.

"अहो, पण काल सकाळीच तुम्ही ज्युपिटरपुढे मेंढा कापलात."

"तो आधीच ठरला होता," तुर्पिलियुस म्हणाला. "ऐनवेळी रद्द केलं तर बरं दिसलं नसतं."

"आणि मांस आलंय अर्धा मेंढा, त्याचं काय करू?"

"शिजव. अन्न वाया घालवणं कुठल्याच धर्मात बसत नाही."

अर्दुलाची ख्रिस्ती मंडळी त्या वेळी त्र्याऐंशी माणसांची होती: विणकर, धोबी, खेचरवाले आणि विधवा. प्रार्थनाघर म्हणजे परटाचं जुनं घर, एका दाराचं. बिशप मातुरुस स्वतः पूर्वीचा धोबी, वय अठ्ठ्याहत्तर. त्याला सगळे बाबा म्हणत. ज्युपिटरचा पुरोहित आपल्या दारात उभा आहे हे पाहून म्हाताऱ्याचे डोळे भरून आले. चाळीस वर्षं तो गावासाठी प्रार्थना करत होता, आणि प्रार्थना फळाला येते तेव्हा तिचा महिना कोणता हे बघायची त्याला सवय नव्हती. तुर्पिलियुसने मागितलेला बाप्तिस्मा तर त्याच आठवड्यात दिला. पण सेवकपदाचं निघालं तेव्हा अडचण सांगितली. ज्याने जुन्या देवांपुढे धूप घातला असेल त्याने दहा वर्षं दाराबाहेर उभं राहून पश्चात्ताप करायचा. मगच पदाचा विचार. एक वाट होती. ख्रिस्त्यांच्या धरपकडीच्या वर्षात ज्याने स्वतः सोसलं असेल, अशा माणसाने येऊन म्हणायचं, की मी याला आपला मानतो.

अर्दुलात असा माणूस एकच होता. त्याचं नाव नोवेल्लुस.

नोवेल्लुस आणि तुर्पिलियुस एकाच मास्तरांच्या हातचा मार खाल्लेले. एकवीस वर्षांपूर्वी, धरपकडीच्या वर्षी, चौकात वेदी मांडून गावाला एकेक करून बोलावलं होतं. प्रत्येकाने चिमूटभर धूप निखाऱ्यावर टाकायचा, कारकुनाने नाव लिहायचं, आणि घरी जेवायला जायचं. धुपाची डबी तरुण तुर्पिलियुसच्या हातात होती. नोवेल्लुस पुढे आला आणि नुसता उभा राहिला. तेव्हा तुर्पिलियुसने त्याचं मनगट धरलं, निखाऱ्यावर नेलं आणि बोटांत कोंबलेले दोन खडे पाडले. (त्यातला एक फरशीवर पडला.) मग कारकुनाला म्हणाला, "टाकला. लिहा." कारकुनाने लिहिलं. प्रकरण मिटलं होतं. सगळ्यांना भूक लागली होती.

नोवेल्लुस म्हणाला, "मी टाकला नाही. त्याने टाकला."

या पाच शब्दांबद्दल त्याला तांब्याच्या खाणीत आठ वर्षं मिळाली, आणि खाणीच्या नियमाप्रमाणे उजवा डोळा आणि डाव्या घोट्याची शीर तिथे जमा करावी लागली. सम्राट बदलले तेव्हा सुटून आला. फर्मानाने त्याची तीस बिघे जमीनही परत मिळाली. आणि जमीन पंचवीसच्या वर असल्यामुळे तो परत आल्याच्या दिवशीच नगरसभेचा सभासद झाला. त्याचं नाव पाळीच्या यादीत सर्वांत खाली, विसावं, लिहिण्यात आलं आणि नव्या यादीतही तिथेच राहिलं. न्याय पूर्ण झाला की असा होतो.

तुर्पिलियुसचं मत मात्र इतकी वर्षं कायम होतं, की त्या दिवशी नोवेल्लुसने चारचौघांत आपला अपमान केला.

तो मळ्यावर गेला तेव्हा नोवेल्लुस अंजिरं चिरून चटईवर वाळत घालत होता.

"डावीकडे बस," नोवेल्लुस म्हणाला. "उजवीकडून मला तू दिसत नाहीस. अंजीर घे."

तुर्पिलियुसने सुरुवात लांबून केली. हवा, अंजिरं, मास्तर कसे वारले. मग म्हणाला की त्या दिवशी चौकात जे झालं ते तुझ्या भल्यासाठीच झालं.

"अरे, ते मला तेव्हाही कळलं होतं," नोवेल्लुस म्हणाला. "तू मला वाचवायलाच बघत होतास. फक्त ते खोटं होतं, एवढंच."

मग त्याने विचारलं, तुझा विश्वास आहे का. तुर्पिलियुसचं उत्तर तयार होतं. ते विश्वास म्हणजे काय इथपासून निघालं, वाटेत साम्राज्याच्या ऐक्याला भेटलं आणि तरुण पिढीच्या वागणुकीपाशी येऊन थांबलं. तेवढ्यात नोवेल्लुसची अकरा अंजिरं चिरून झाली.

"बरं," तो म्हणाला. "माणसाच्या पोटातलं मला दिसत नाही. बाहेरचंसुद्धा अर्धंच दिसतं. खाणीत असताना रोज वाटायचं, कोणीतरी दार उघडावं. आता एक दार माझ्याच हातात आलंय, ते मी कसा लावून घेऊ? सांगतो मी बाबांना."

उठताना तुर्पिलियुसच्या मनात पाळीची यादी आली. आपण निघालो की मागचा पुढे सरकणार, तो निघाला की त्याच्या मागचा, आणि यादी संपते तिथे कोण उभं आहे, हे मोजायला त्याला एक श्वास पुरला. नोवेल्लुसला हे सांगावं असंही मनात आलं. पण अंजीर तोंडात होतं.

सप्टेंबर सरता सरता तुर्पिलियुस डीकन, म्हणजे बिशपच्या खालोखालचा सेवक, झाला. देवळातला पांढरा लोकरी झगा त्याने धुऊन घेतला आणि तोच वापरला. भाषणही तेच वापरलं. फक्त देवाचं नाव बदललं आणि बाकीचे देव गाळले, त्यामुळे ते थोडं आटोपशीर झालं.

मग अर्दुलात जागृती झाली. गावियुसची पाळी नुकतीच होऊन गेलेली. पण पुढच्या फेरीचा विचार करून त्याचंही मन प्रभूकडे वळलं. एकामागून एक सभासद मळ्यावर जाऊन नोवेल्लुसच्या डावीकडे बसले. त्याने कोणालाही परत पाठवलं नाही. अंजिरं संपली तेव्हा त्याने अक्रोड काढले. ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत वीसपैकी एकोणीस सभासदांच्या डोक्यावर बाबांनी हात ठेवला होता, आणि म्हातारा रोज रात्री आनंदाने रडत झोपत होता. त्याच्या आनंदाला कोणी धक्का लावला नाही, हे गावाच्या बाजूने नोंदवलं पाहिजे.

एवढ्या सेवकांना काम वाटून देणं सोपं नव्हतं. तीन डीकन झाले, तुर्पिलियुस त्यांत ज्येष्ठ. पाच जण पवित्र शास्त्र वाचणारे झाले. (त्यांतल्या दोघांना अक्षरओळख नव्हती, त्यांना पोथीच्या शेजारी उभं करण्यात आलं.) सहा जणांची भुतं काढायला नेमणूक झाली. गावात झपाटलेली व्यक्ती एकच निघाली, एका खेचरवाल्याची सासू. सहा जणांनी तिचे आठवड्याचे दिवस वाटून घेतले आणि सातव्या दिवशी तिला विश्रांती दिली. पुढे कळलं की ती फक्त बहिरी होती, पण तोवर नेमणुका पक्क्या झाल्या होत्या. एक जण दिवा धरायला होता. त्याचे हात कापत, त्यामुळे प्रार्थनाघराने दोनदा पेट घेतला.

उरलेले चार द्वारपाल. दार एक. चार माणसं एका दाराला दाखवली तर तपासणीत प्रश्न येईल, म्हणून भिंती फोडून आणखी तीन दारं करण्यात आली. त्या हिवाळ्यात चारी बाजूंनी वारा आत यायचा आणि मेणबत्ती टिकत नसे, पण नोंदवहीत मेळ बसला.

एकोणीस सेवक, त्यांच्या बायका, मुलं, नोकर आणि उशा एवढं आत मावल्यावर जुन्या त्र्याऐंशी माणसांना अंगणात जागा मिळाली. देसिया नावाच्या म्हाताऱ्या परटिणीने शेजारणीला म्हटलेलं पुष्कळांनी ऐकलं: "पूर्वी कोणी आत येईल म्हणून दार लावून बसायचो बाई. आता दारं चार झाली, आणि आपल्यालाच आत जाता येईना."

ऑक्टोबर संपता संपता प्रांताच्या सुभेदाराचं पत्र आलं. त्यात त्याने गावाच्या धर्मनिष्ठेबद्दल आनंद व्यक्त केला होता. खाली दुसऱ्या शाईत एक ओळ होती: ज्या गावच्या नगरसभेत एकही सभासद उरणार नाही, तिथल्या सर्व सेवकांच्या नेमणुका तपासल्या जातील आणि गैर आढळल्यास दुप्पट डुकरं वसूल होतील.

त्याच सुमारास बाबांना ताप आला. अंथरुणातून त्यांनी निरोप धाडला की नोवेल्लुसलाही सेवक करून घ्या, त्याच्या आधी या पदावर कोणाचाच हक्क नव्हता.

"घ्या की त्याला," पोल्ला म्हणाली. "त्याच्याच शब्दावर तुम्ही सगळे आत गेलात."

तुर्पिलियुसने तिला शांतपणे समजावलं. तो आत आला तर सभा रिकामी. सभा रिकामी तर चौकशी. चौकशीत एकोणीस घरं बुडणार. "एका बाजूला एक घर, दुसऱ्या बाजूला एकोणीस. ख्रिस्ती माणसाने कोणाची दया करावी, तूच सांग."

"तुम्हाला ख्रिस्ती होऊन सहा आठवडे झालेत."

"म्हणून तर मला सगळं ताजं आठवतंय."

पोल्लाने कानातले मोती चाचपून बघितले, आणि रात्री स्वयंपाकाला काय करू असं विचारलं.

तरी बाबांचा निरोप होता, म्हणून रीतसर परीक्षा ठेवली. परीक्षकांत तीनही डीकन बसले. प्रश्न सर्वांना एकच असे: बाप्तिस्म्यानंतर हातून काही पाप घडलं आहे का? इथे धर्माचा एक बारीक मुद्दा लक्षात घ्यावा. बाप्तिस्म्याने आधीचं सगळं धुऊन निघतं. एकोणीस जणांनी वीस-वीस वर्षं धूप घातला, शेजाऱ्यांची नावं दिली, धरपकडीत ख्रिस्त्यांची भांडीकुंडी लिलावात घेतली. पण ते सगळं आधीचं. नंतरचे जास्तीत जास्त सहाच आठवडे होते, आणि तेवढ्यात फार तर आळस होतो. अठरा जणांनी "काही विशेष नाही" असं उत्तर दिलं होतं. एकाने प्रार्थनेत शिंकल्याचं कबूल केलं आणि त्याला क्षमा झाली. नोवेल्लुसचा बाप्तिस्मा पाळण्यात असताना झालेला. त्याचं सगळं आयुष्य नंतरचं होतं.

त्याने काठी भिंतीला टेकवली.

"खाणीत माझ्या साखळीला एक म्हातारा होता," तो म्हणाला. "एका उन्हाळ्यात तो पाणी मागत होता. माझ्याजवळ होतं थोडं. मी झोपल्याचं सोंग केलं. सकाळी तो गेलेला होता."

दुसऱ्या डीकनने खाली बघितलं. तिसऱ्याला खोकला आला. तुर्पिलियुसला एक गोष्ट नीट कळली. या माणसाला एक शब्द बोलून आत घेता येईल. परीक्षा आपल्या हातात आहे. दक्षिण उतारावर त्या दिवशी द्राक्षाची शेवटची पाटी उतरत होती.

"लिहा," तो कारकुनाला म्हणाला. "उमेदवाराने तहानलेल्याला पाणी नाकारलं. स्वतःच्या तोंडून कबूल. सेवकपदास अपात्र."

"बरोबर आहे," नोवेल्लुस म्हणाला. त्याने काठी घेतली आणि उठता उठता विचारलं, "रोमच्या वाटेवर डुकरांना पाणी कुठे कुठे मिळतं रे?"

गेल्या वर्षी ती वाट चाललेल्या गावियुसने त्याला पाणवठे सांगितले. तेवढं तो करू शकत होता.

नगरसभेच्या बैठकीला वीस आसनं मांडली होती आणि नोवेल्लुस एकटा बसला होता. त्याने एकमताने स्वतःला वराहप्रमुख निवडलं, असं इतिवृत्तात आहे. डुकरं हाकायला गडी ठेवायची ऐपत नव्हती, म्हणून दोन कुळांना बरोबर घेऊन तो स्वतःच निघाला: लंगडा माणूस, एकशे नव्वद डुकरं, अठरा दिवस. निघायच्या दिवशी सेवकांनी काही कमी पडू दिलं नाही. डीकनांनी डुकरांना आशीर्वाद दिला, वाचणाऱ्यांनी वाचलं, सहा जणांनी कळपातली भुतं काढली (शास्त्रात भुतं आणि डुकरं यांचा संबंध आहे असं कोणीतरी म्हणालं होतं), आणि चारी द्वारपालांनी मिळून गावची वेस उघडली. ती उघडीच होती.

रोमच्या वेशीवर वजन साडेपाच हजार पौंड कमी भरलं. तोलणाऱ्यांनी शेरा मारला की जनावरं वाटेत फार वेळ पाण्यावर थांबलेली दिसतात, त्यामुळे प्रवास लांबला आणि घट जास्त आली.

नोवेल्लुसची तीस बिघे लिलावात निघाली. मंडळीने घेतली, कारण मंडळीच्या जमिनीला कर लागत नाही आणि भाव पडलेला होता. आता सभा खरोखरच रिकामी झाली. पण सुभेदाराच्या कचेरीने मार्ग काढला: नोवेल्लुसच्या जमिनीवर राबणाऱ्या बारा कुळांची परसं कागदावर एकत्र मोजली, ती सव्वीस बिघे भरली, आणि बाराही जण मिळून एक सभासद झाले. अर्दुलाचा कारभार एक दिवसही थांबला नाही.

शेवटचा हिशेब असा. रोमच्या जनतेने मांस खाल्लं आणि यंदाचं चिवट आहे म्हणून ओरड केली. बाबा मातुरुस फेब्रुवारीतल्या थंडीत गेले, मरताना गाव वाचलं असं समजून. त्यांच्या जागी तुर्पिलियुस आला. पोल्लाचे मोती पोल्लाकडे आहेत. ज्युपिटरने पुरोहित दिला, बहिऱ्या सासूने आठवड्याचे सहा दिवस दिले, त्र्याऐंशी जणांनी प्रार्थनाघर दिलं. नोवेल्लुसने जमीन आणि घर दिलं, आणि हमामाच्या भट्टीशी सरपण लोटण्याचं काम घेतलं. डोळा आणि शीर त्याच्या नावे आधीच जमा होती. बारा कुळं तेव्हापासून दर हिवाळ्याला देत आहेत. त्यांची नावं कुठेच लिहिलेली नाहीत. तुम्हीही ती विचारली नाहीत. एकोणीस सेवकांनी आशीर्वाद दिला. आणि तुम्ही इथपर्यंत नोवेल्लुसच्या बाजूने वाचत आलात, आणि एक सुस्कारा दिलात. तो जमा करून घेतला आहे. सेवकांसारखी त्यालाही पाळी माफ आहे.